डॉ. केसी वुड यांची कागदपत्रं: चार दिवसांत काय काय बघावं?

खंड्या:
माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात डॉ. केसी अल्बर्ट वुड (१८५६–१९४२) यांची कागदपत्रं आहेत. शिकागोतले नेत्रतज्ज्ञ. पक्ष्यांच्या नेत्रपटलावरचा १९१७ चा ग्रंथ त्यांचा, आणि मद्रासच्या लेडी एलिझाबेथ ग्विलिम यांची पक्षीचित्रं १९२४ साली लंडनमध्ये हुडकली तीही त्यांनीच. मला दोन धागे पकडायचे आहेत: चित्रांतले पक्षी त्यांनी कसे ओळखले, आणि जिवंत पक्ष्याचा डोळा ते कसा तपासत. हाताशी चारच दिवस आहेत. सुरुवात कुठून करू?

जुनंदप्तर:
सगळं एकाच ठिकाणी असेल असं धरून जाऊ नका. ब्लॅकर-वुड हा पक्षी-प्राणिशास्त्राचा संग्रह आणि ऑस्लर हे वैद्यकाच्या इतिहासाचं ग्रंथालय, दोन्हीकडच्या याद्या बघा. ग्विलिमबाईंची चित्रं ब्लॅकर-वुडमध्ये आहेत. त्या आणि त्यांची बहीण मेरी सायमंड्स यांनी मद्रासहून लिहिलेली पत्रं मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पत्रांच्या नकला आणि चित्रांच्या प्रतिमा ऑनलाइन आहेत, त्या घरीच वाचून टाका. माँट्रियलचे दिवस फक्त वुड यांच्या पत्रव्यवहाराला ठेवा.

पेट्या मागवताना 'ग्विलिम' एवढंच शोधलंत तर निम्मं हातचं जाईल. अशा दप्तरात फोल्डर बहुधा पत्रलेखकाच्या नावाने लावलेले असतात, विषयाने नाही. आधी माणसांची यादी करा: जुन्या पुस्तकांचे लंडनचे विक्रेते, संग्रहालयातले पक्षीतज्ज्ञ, मॅकगिलचे ग्रंथपाल. वुड यांनी या चित्रांवर १९२५ मध्ये 'आयबिस' नियतकालिकात लेख लिहिला, म्हणून १९२४ आणि १९२५ ची पत्रं पहिल्या दिवशीच काढा.

खंड्या:
धन्यवाद. पक्ष्यांची नावं जुनी असणार, ती आजच्या नावांशी कशी जुळवायची?

जुनंदप्तर:
एकाच पक्ष्याची तीन थरांतली नावं समोर येतील. ग्विलिमबाईंच्या काळी, म्हणजे १८०१ ते १८०७ मध्ये, इंग्रजीतला आधार लॅथम यांच्या पक्षीग्रंथांचा. जर्डन यांचं 'बर्ड्‌स ऑफ इंडिया' त्यांच्यानंतर आलं, १८६२–६४ मध्ये. १९२५ च्या पत्रांत तेव्हाची शास्त्रीय नावं असणार आणि आजच्या यादीत तिसरीच. शिक्रा घ्या: १९२५ च्या सुमारास 'अस्टर बॅडियस', मग कितीतरी वर्षं 'ॲक्सिपिटर बॅडियस', आता 'टॅकिस्पिझा बॅडिया'. यात टिकतो तो जातिवाचक दुसरा शब्द, तोही शेवट बदलून. तेव्हा शोध नेहमी दुसऱ्या शब्दाच्या धातूवर घ्या, 'बॅडि' एवढ्यावर. टाचणात मूळ नाव आहे तसंच उतरवा. आजचं नाव वेगळ्या रकान्यात. एकदा का दोन्हींची सरमिसळ झाली की कोणी काय ओळखलं होतं हे नंतर सांगता येत नाही.

पापणी:
डोळ्यांच्या बाजूचं सांगते. १९१७ चा ग्रंथ आधी वाचून जा, नाहीतर टिपणं लागणार नाहीत. त्या काळच्या नेत्रवैद्याच्या लिखाणात 'ओ. डी.' म्हणजे उजवा डोळा, 'ओ. एस.' म्हणजे डावा आणि आकड्यापुढचा 'डी' म्हणजे डायॉप्टर, भिंगाच्या शक्तीचं एकक. पक्षीशास्त्रातली लघुरूपं शेजारीच असतात: 'ॲड.' म्हणजे प्रौढ, 'जुव्ह.' म्हणजे पिल्लू-अवस्था. नर-मादीच्या चिन्हांत बाण आणि क्रॉस घाईच्या अक्षरात सारखे दिसतात. त्याच पानावरचा निर्विवाद नमुना शोधून ताडून बघा.

'पेक्टेन' हा शब्द सारखा येईल. पक्ष्याच्या डोळ्यात दृष्टिचेतेच्या (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या) तोंडाशी असलेली काळी, चुण्यांची, रक्तवाहिन्यांनी भरलेली घडी ती. ती बिंबावरच, म्हणजे दृष्टिचेतेच्या त्या तोंडावरच, उभी असल्याने माणसाच्या डोळ्यात दिसतं तसं गोल फिकट बिंब इथे उघडं दिसत नाही. आणखी एक: माणसाची बाहुली ॲट्रोपीन या औषधाने मोठी होते, पक्ष्याची होत नाही, कारण त्याच्या बुबुळातले स्नायू पट्टेदार असतात. म्हणून तपासणीच्या टिपणात औषधापेक्षा उजेड किती होता, पक्षी कसा धरला होता, याकडे लक्ष द्या. ग्रंथातली रंगीत चित्रं आर्थर हेड यांच्या हातची आहेत. त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार मिळाला तर रंगाबद्दलच्या सूचना नीट उतरवून घ्या. नुसत्या छापील पानावरून रंगाचा निवाडा करू नका.

बोरूवाला:
दोन खाचखळगे. पहिला तारखांचा. शिकागोचा माणूस महिना आधी लिहितो, लंडनचा दिवस आधी. ३/४/२५ म्हणजे ४ मार्च की ३ एप्रिल? पत्रात वार दिला असेल तर लगेच सुटतं: ४ मार्च १९२५ ला बुधवार होता, ३ एप्रिलला शुक्रवार. वार नसेल तर उत्तराच्या पत्रातला 'आपलं अमुक तारखेचं' हा उल्लेख बघा. तोवर तारीख आकड्यांतच राहू द्या.

दुसरा कार्बन प्रतींचा. पाठवलेल्या पत्राची दप्तरात राहते ती पातळ कागदावरची प्रत. टंकयंत्रात ग्रीक किंवा अरबी अक्षरं नसत, म्हणून जागा सोडून ती वरच्या प्रतीवर हाताने भरत. कार्बनवर तिथे नुसती मोकळी जागा दिसते. ती कोऱ्या जागेसकट उतरवा आणि मूळ पत्र ज्याला गेलं त्याच्या दप्तरात शोधा. अरबी नेत्रवैद्य अली इब्न ईसा यांच्या ग्रंथाचं वुड यांनी भाषांतर केलं, त्या कामाच्या पत्रांत हे नक्की आडवं येईल.

फोटो घेताना प्रत्येक फोल्डरचा पहिला फोटो पेटी-फोल्डर क्रमांकाच्या चिठ्ठीचा. मग पान, पानाची पाठ, पाकीट असेल तर पोस्टाचा शिक्का. फ्लॅश नको, शाईचं पेन नको, कोपरा धरून पान उलटणं नको. आणि छापण्याची परवानगी पत्रागणिक तपासा: वुड यांना आलेल्या पत्राचा हक्क ते लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो, कागद मॅकगिलकडे असला तरी.

खंड्या:
पत्रलेखकांची यादी आजच करायला घेतो. अली इब्न ईसांच्या ग्रंथाच्या भाषांतराचा फोल्डरही मागवतो.