मदत हवी आहे: ऑटोमॅटिक गाडीत डी चा लाइट लुकलुकतोय, सेन्सर की गिअरबॉक्स?

नमस्कार मंडळी, बाबांची २००९ ची पेट्रोल सेडान आहे, ४ स्पीड ऑटोमॅटिक. रविवारी खंबाटकी घाट चढताना जोरात झटका बसला, मीटरमधला डी (ड्राइव्ह गिअरचा लाइट) लुकलुकायला लागला, चेक इंजिन पेटला आणि गाडी तिसऱ्यातच अडकली, सिग्नलवरून उचलतच नाही. बंद करून चालू केली की थोडा वेळ ठीक, तापली की परत तेच. स्कॅनरवर पी०७२० हा एरर कोड येतोय, म्हणजे आउटपुट स्पीड सेन्सर (गिअरबॉक्समधून बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारा), आणि त्याच वेळी स्पीडोमीटरचा काटाही शून्यावर पडतो.

मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स खोलावा लागेल, पण मला पटत नाही कारण गिअरबॉक्सचं ऑइल अजून लालसर आहे, जळका वास नाही, लेव्हलही बरोबर. काल सेन्सरचा कनेक्टर काढला तर आत तेल उतरलेलं आणि एक पिन हिरवी पडलेली. मल्टीमीटरवर थंड असताना रीडिंग येतं, गरम झाल्यावर कधी येतं कधी नाही.

नुसता सेन्सर बदलून भागेल का वायरिंग पण तपासायला हवी? जुन्या बाजारातला सेन्सर टाकावा का? पुण्यात ऑटोमॅटिकचं काम करणारा कुणी खात्रीचा असेल तर प्लीज सांगा, बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लचची गाडी त्यांना चालवता येत नाही.