मदत हवी: जुन्या स्पोर्ट्स कारला मडगार्ड कसे बसवू?

औसा_रोड: जुन्या स्पोर्ट्स कारला मडगार्ड बसवायचेत. स्क्रू मारू का क्लिपा लावू? गावाकडच्या रस्त्यावर बारीक खडी टाकलीय, मागच्या चाकापुढचा रंग उडायलाय. शनिवारी गाडी गॅरेजला द्यायचीय, लवकर सांगा.

कोरडवाहू: गाडी कोणती? मडगार्ड म्हणजे चाकामागचे रबरी फ्लॅपच ना? इकडं फेंडरलाही, म्हणजे चाकावरच्या बॉडीच्या पत्र्यालाही, मडगार्ड म्हणतात. रंग मागच्या चाकाच्या पुढं उडत असेल तर खडी पुढचं चाक मारतंय. फ्लॅप पुढच्या चाकांना हवेत. मागचे फक्त मागून येणाऱ्या गाडीच्या कामाचे.

औसा_रोड: फ्लॅपच. चारी चाकांना लावणार होतो. सॅन स्टॉर्म आहे. स्क्रूचं सांगा ना.

रेझिन_हार्डनर: थांबा भाऊ, हे आधी सांगायचं! स्टॉर्मची बॉडी फायबरची आहे. सेल्फ टॅपिंग स्क्रू अजिबात मारू नका. फायबरमध्ये आटे धरत नाहीत, भुगा होतो, आणि भोकाभोवती चांदणीसारखे तडे जातात. आधी फेंडरच्या आतल्या कडेला जुनी भोकं आहेत का बघा, असतील तर तीच वापरा. नसतील तर कडेपासून किमान 20 मिमी आत खूण करा, वर मास्किंग टेप लावा, मागून लाकडाचा ठोकळा धरा. ड्रिल सुरुवातीला उलटं फिरवून वरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत कडक थर, कापा, मग सरळ फिरवा. आधी 3 मिमी, नंतर 6.5 मिमी. जोर लावायचा नाही. भोकाच्या कच्च्या कडेला इपॉक्सी चोपडा, नाहीतर पाणी काचतंतूंमधून आत चढत जातं आणि थर सुटतात. आतून 2 मिमीची ॲल्युमिनियम पट्टी, एम6 बोल्ट, मोठा वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यानं ढिला न होणारा). रबर जरासं दबलं की आवळणं बंद. तोंडाला मास्क विसरू नका, फायबरची धूळ वाईट.

कोरडवाहू: सगळं बरोबर, पण बोल्ट नायलॉनचे घ्या. एवढ्या खालच्या गाडीत रिव्हर्स घेताना फ्लॅप दगडावर किंवा स्पीडब्रेकरवर अडकणारच. नायलॉन बोल्ट तुटला तर नवा टाकता येतो. स्टीलचा असेल तर फेंडरची कडच उपटून निघते.

रेझिन_हार्डनर: नायलॉन उन्हानं कडक होतो आणि खड्ड्यात आपोआप तुटतो.

कोरडवाहू: मग दर उन्हाळ्यानंतर बदला. बोल्ट बदलणं स्वस्त का फेंडर भरून रंगवणं?

चिकणमाती: माझं म्हणणं, फ्लॅप लावूच नका. आपल्याकडची काळी माती ओली झाली की टायरला गुंडाळते आणि फ्लॅपमागं ठासून बसते. वाळली की विटेसारखी. ऊस चालू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या तोच चिखल डांबरावर आणतात. बॉडी गंजणार नाही, पण खालचं लोखंड ओल धरून राहील. त्यापेक्षा मागच्या चाकापुढं पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म लावा.

कोरडवाहू: टायर आणि फ्लॅपमध्ये 40 मिमी जागा सोडली तर माती अडकत नाही. स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून मोजायचं. खालून जमिनीपर्यंत 10 सेंमी मोकळं. रबर 3 मिमीचं, ट्रकचं जाड नको, त्याच्या वजनानंच कड फाटते. चिखलातून आलात तर वाळायच्या आत पाणी मारा. आणि फिल्मचं म्हणाल तर गाडीवर दुसऱ्यांदा मारलेला रंग असेल तर फिल्म काढताना रंगही सोबत निघतो.

जुनं_आरसी: 15 वर्षं झाली असतील तर फॉर्म 25 भरून नोंदणी नूतनीकरण करून घ्या. मुदत संपायच्या आधीच्या 60 दिवसांत अर्ज करता येतो, पुढची 5 वर्षं मिळतात.

औसा_रोड: कागदपत्रं चोख आहेत. फ्लॅपचं बोला.

सुपर_पेट्रोल: 1149 सीसी रेनो इंजिनला स्पोर्ट्स कार म्हणतात का?

रेझिन_हार्डनर: दोनच सीट, हलकी बॉडी, उघडं छप्पर. म्हणतात. औसा_रोड, टायर फेंडरच्या बाहेर आलेत का? फेंडरच्या कडेला, चाकाच्या बरोबर मधोमध, दोरा चिकटवा, खाली नट बांधून ओळंबा करा आणि टायर किती बाहेर येतो ते मोजा.

औसा_रोड: मोजलं. पुढं 12 मिमी बाहेर. आधीच्या मालकानं 10 मिमीचे स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या, टाकलेत, ते सांगायचं राहिलं.

रेझिन_हार्डनर: मूळ कारण तेच. टायर बाहेर आला की खडी फेंडरच्या आत न अडकता थेट दारावर जाते. आधी स्पेसर काढा. सोबत लांब बोल्ट टाकले असतील तर तेही बदला, नाहीतर बोल्टचं टोक आत ब्रेकला घासतं. मग टायर आत सस्पेन्शनला लागत नाही ना ते बघा. त्यानंतर फ्लॅप, टायरच्या बाहेरच्या कडेपेक्षा 10 मिमी रुंद.

चिकणमाती: स्पेसर काढल्यावर महिनाभर फ्लॅपशिवाय चालवून बघा.

कोरडवाहू: महिनाभरात उरलेला रंगही जाईल.

औसा_रोड: मागचे फ्लॅप रद्द. शनिवारी स्पेसर काढतो आणि पुढचे दोन नायलॉन बोल्टवर बसवतो. रबर किती आणू?

कोरडवाहू: एक फूट बाय दोन फूट तुकडा भरपूर. आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापून चाकामागं धरा, रबर नंतर कापा.