मदत हवी आहे: बेलेन शाळेचा १९४० च्या दशकातला फोटो

शाळेच्या भित्तिपत्रकासाठी फिडेल कॅस्ट्रोच्या शिक्षणाची कालरेषा करतोय. हवानातल्या जेझुइटांच्या (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) बेलेन शाळेत तो १९४२ ते १९४५ होता. अडलंय ते फोटोपाशी.

'बेलेन, हवाना' असं शोधलं की जुन्या शहरातला मठ येतो. अकोस्ता रस्त्यावरची कमान दिसली की समजावं, हा तोच. १८५४ मध्ये शाळा तिथे सुरू झाली खरी, पण १९२५ मध्येच ती हवानाच्या कडेच्या मारियानाओतल्या नव्या इमारतीत गेली. म्हणजे कॅस्ट्रो शिकला तो मारियानाओत. दुसरी चूक मायामीच्या फोटोंची: १९६१ मध्ये त्याच्याच सरकारने शाळा ताब्यात घेतल्यावर जेझुइटांनी ती तिथे पुन्हा उभारली. चुकीची इमारत मुलांपुढे ठेवणं मला मान्य नाही.

विकिमीडियावर स्पॅनिश नावानेही शोधून झालं. मारियानाओची इमारत पुढे लष्करी तंत्रसंस्थेकडे गेली, त्यामुळे आजचा फोटो नको. क्यूबातल्याच सांतियागोची दोलोरेस शाळाही जेझुइटांचीच, पण तिथे तो बेलेनच्या आधी शिकला. तिचा फोटो आहे.

कृष्णधवल चालेल, छपाई ए३ वर आहे, म्हणून लांब बाजू किमान ३५०० पिक्सेल हवी. जुनी पोस्टकार्डं किंवा शाळेचं १९४५ चं वार्षिक स्कॅन केलेलं, मुक्त वापराच्या परवान्यासह कुठे मिळेल?