कीपर लीग: विंगर राखताना गोल बघायचे की बचाव?

निळी_रेषा:
आमची एनएचएलची (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी) कीपर लीग आहे, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणारा काल्पनिक संघांचा खेळ. १२ संघ, प्रत्येकाचे ४ विंगर (कडेने खेळणारे आक्रमक), त्यातले दोनच पुढच्या मोसमासाठी राखता येतात. गुण मोजायचे रकाने सात: गोल, असिस्ट, प्लस-मायनस (खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेले गोल वजा खाल्लेले), पॉवर प्लेचे (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) गुण, शॉट, हिट (धडका), ब्लॉक (अडवलेले शॉट). एक जागा पक्की आहे, दुसरीसाठी अडलंय.

'अ': वय ३०, ३० गोल, १८० शॉट, प्लस-मायनस उणे ९. पेनल्टी किलवर (आपला खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) त्याला उतरवतच नाहीत.
'आ': वय २६, २४ गोल, २४० शॉट, अधिक १४. पेनल्टी किलच्या पहिल्या जोडीत, हिट-ब्लॉक भरपूर.

३० गोल सोडवत नाहीत, पण 'अ' मागे धावत नाही हेही दिसतंय. कोणाला ठेवू?

फेसऑफ:
आधी भागाकार करा. १८० शॉटवर ३० गोल म्हणजे १६.७ टक्के. बहुतेक विंगर १० ते १२ टक्क्यांच्या आसपास असतात. काही जण खरोखरच १५च्या वर टिकतात, पण ते आधीच्या तीन-चार मोसमांत दिसायला हवं. 'अ'ची नेहमीची टक्केवारी ११ असेल, तर तेवढ्याच शॉटवर त्याचे २० गोल होतात. 'आ'चे २४ गोल १० टक्क्यांवर आलेत, म्हणजे त्यात फुगवटा नाही.

एडमंटनचा विंगर झॅक हायमन याचे २०२३-२४मध्ये ५४ गोल होते, पुढच्या मोसमात २७. माणूस तोच, एडमंटन तेच, सोबत खेळणारा मॅकडेव्हिडही तोच.

मग गोल आले कुठून ते बघा. पॉवर प्लेच्या पहिल्या तुकडीतून आले असतील, तर ती जागा प्रशिक्षकाच्या मर्जीवर असते. दुसऱ्या तुकडीत ढकलला की मिनिटंही जातात आणि चांगले पास देणारेही. रिकाम्या जाळ्यातले (समोरचा गोलरक्षक बाहेर काढलेला असतानाचे) गोल वेगळे काढा.

चौथी_फळी:
टक्केवारीबद्दल सहमत. पण प्लस-मायनस म्हणजे बचाव नव्हे, ही गल्लत सगळीकडे दिसते. पॉवर प्लेवर गोल केला तर प्लस मिळत नाही, पण तिथे उलटा गोल खाल्ला तर मायनस मात्र पडतो. एका गोलने मागे असताना शेवटच्या दोन मिनिटांत गोलरक्षक बाहेर काढतात, तेव्हा बर्फावर 'अ'सारखेच असतात आणि रिकाम्या जाळ्यात गोल झाला की मायनस त्यांच्याच नावावर. तुमच्या उणे ९मधले तीन-चार असे निघाले तर नवल नाही. बाकी बराचसा हिशेब सोबतचा सेंटर (मधला आक्रमक) आणि मागचा गोलरक्षक कोण यावर.

विंगरचा खरा बचाव बघायचा असेल तर आपल्या झोनमध्ये कडेच्या फळकुटाला चिकटून येणारा पक (रबरी चकती) बघा. समोरून त्यांचा डिफेन्समन अंगावर येतोय, अशा वेळी विंगर तो पक निळ्या रेषेच्या (आपल्या झोनच्या सीमेच्या) बाहेर काढतो का? तिथे गमावला तर आपले दोन डिफेन्समन आधीच पुढे सरकलेले असतात आणि गोलरक्षकासमोर मोकळं रान. तुमच्या सातपैकी एकाही रकान्यात हे पकडलं जात नाही. पेनल्टी किलचंही तेच: तिथे मिळाला तर ब्लॉक, आणि त्या बदल्यात दमछाक.

(बचावात सर्वोत्तम आक्रमकाला मिळणाऱ्या सेल्की ट्रॉफीतही विंगर मागेच राहतात. ती शेवटची जिंकणारा विंगर येरे लेहतिनेन, २००३ साली.)

पक्का_हिशेबी:
फुकट काय मिळतं ते आधी बघा. १२ गुणिले ४ म्हणजे ४८ विंगर उचलले जातात. ४९ ते ६० क्रमांकाच्या विंगरांची प्रत्येक रकान्यातली सरासरी काढा आणि 'अ', 'आ' दोघांतून वजा करा. हिट आणि ब्लॉकमध्ये फरक जवळपास संपतो, कारण तिसऱ्या-चौथ्या फळीतले धडक मारणारे कायम मोकळे असतात. अशांसाठी राखीव जागा जाळू नका. गोल, पॉवर प्ले आणि शॉट फुकट मिळत नाहीत, तुलना तिथेच करा. शॉटमध्ये 'आ' ६०ने पुढे आहे, आणि शॉट हा आकडा वर्षानुवर्षं गोलांपेक्षा कमी हलतो.

चौथी_फळी:
'फुकट मिळेल' हा हिशेब खऱ्या संघाला महागात पडू शकतो. २०१७च्या एक्स्पान्शन ड्राफ्टला (नव्या व्हेगास संघाला इतरांचे न राखलेले खेळाडू उचलता आले ती निवड) फ्लोरिडाने चार फॉरवर्ड (आक्रमक), चार डिफेन्समन आणि एक गोलरक्षक राखले. विंगर मार्शेसॉने त्या मोसमात संघात सर्वाधिक ३० गोल केले होते, तरी तो उघडा ठेवला. पेनल्टी किल सांभाळणारा राइली स्मिथ नव्या मोठ्या करारासकट व्हेगासला दिला, बदल्यात नवोदितांच्या ड्राफ्टमधली चौथ्या फेरीची एक निवड. मारणाराही गेला, अडवणाराही गेला. २०२३च्या अंतिम फेरीत व्हेगासने फ्लोरिडालाच हरवलं, तेव्हा निर्णायक गोल स्मिथचा आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू मार्शेसॉ.

फेसऑफ:
पण राखलेल्या चारांत सेंटर बारकोव्ह होता, आणि फ्लोरिडाचे २०२४, २०२५चे दोन्ही कप (विजेतेपदं) त्याच्याच कप्तानपदाखाली आले. सेंटर आधी, विंगर नंतर, हे फ्लोरिडाचं बरोबरच होतं. चुकलं ते चौथ्या डिफेन्समनसाठी जागा खर्च केली तिथे.

निळी_रेषा:
'अ'ची आधीच्या दोन मोसमांची टक्केवारी काढली: १२.१ आणि ११.४. ३०पैकी १३ गोल पॉवर प्लेवर, २ रिकाम्या जाळ्यात.

पक्का_हिशेबी:
मग १८० शॉटवर साधारण २१ गोल धरा. 'आ' ठेवा. पण 'अ'ला नुसता सोडू नका. राखीव यादी द्यायच्या आधी, ३० हा आकडा ताजा आहे तोवर, लीगमधल्या गोलांच्या भुकेल्याला विका आणि बदल्यात ड्राफ्टची वरची फेरी मागा. टक्केवारी विचारली तर खोटं बोलू नका, पण आपणहून सांगायला कोणी बांधलेलं नाही.