भाड्याच्या घरात गृहज्योती मिळते का? घरमालक युनिटला 10 रुपये घेतात

वडगावची सून

नमस्कार. आम्ही बेळगावात वडगावला दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. आमचे हे यंत्रमागावर कामाला जातात, मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. घराला मीटर एकच आहे, तो घरमालकांच्या नावावर. आमच्या खोल्यांना त्यांनी सबमीटर बसवलाय आणि युनिटमागे 10 रुपये घेतात. गेल्या महिन्यात 74 युनिट पडले, 740 रुपये दिले. त्याच घराला गृहज्योतीचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेचं, शून्य बिल येतं. बिल कन्नडमध्ये असतं, माझ्या मोठ्या मुलीला शाळेत कन्नड आहे म्हणून तिनं वाचून दाखवलं, तेव्हा कळलं.

मे महिन्यात मात्र घरमालक म्हणाले, तुमच्यामुळे 200 युनिटच्या वर गेलं, आता सगळं बिल भरावं लागणार, आणि आमच्याकडून जास्तीचे 300 घेतले. भांडण करायचं नाही, कारण खोली सोडायला सांगितली तर शाळा मोडते. पण 740 रुपये म्हणजे आमचा महिन्याचा तांदूळ आहे.

दुसरं गॅसचं. सासूबाईंच्या नावावरचा गॅस थोरल्या दिरांकडे गेला. आम्ही दुकानातून छोटी टाकी किलोच्या दरानं भरून आणतो, ती फार महाग पडते. माझं माहेर महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. माझं आधार अजून तिथल्याच पत्त्यावर आहे आणि रेशन कार्डातलं नावही आईकडंच. मला इकडं काही मिळेल का?

शहापूरकर

भाडेकरूला काही मिळत नाही ताई, ज्याच्या नावावर मीटर त्यालाच लाभ. आमच्या गल्लीत सगळ्यांचं असंच चाललंय.

निवृत्त मीटर रीडर, खानापूर

शहापूरकर, हे बरोबर नाही, आणि असं ऐकूनच कितीतरी लोक अर्ज करत नाहीत. जुलै 2023 पासून योजना लागू झाली तेव्हापासून भाडेकरूंना त्यात जागा आहे. सेवा सिंधूवर, म्हणजे कर्नाटक सरकारच्या संकेतस्थळावर, अर्ज भरताना मालक की भाडेकरू, हे विचारतात. भाडेकरूनं आपलं आधार, बिलावरचा खाते क्रमांक आणि भाडेकरार किंवा त्या पत्त्याचं मतदार ओळखपत्र लावायचं. अडचण वेगळीच आहे. एका मीटरला एकच आधार जोडता येतं. वहिनींच्या घरात मीटरच एक, त्याला घरमालकांचं आधार जोडलेलं. सबमीटर हा त्यांचा खाजगी, हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या, दप्तरी तो नाहीच. म्हणून तुमच्या खोल्यांना स्वतंत्र मीटर आणि स्वतंत्र आर. आर. नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) लागेल. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आता घरमालकांशी काय बोलायचं ते सांगतो, कारण खरी गाठ तिथंच आहे. लाभ सरसकट 200 युनिट नाही. त्या मीटरचा 2022-23 या वर्षातला महिन्याचा सरासरी वापर काढतात आणि त्यावर 10 टक्के वाढवून देतात. तेवढ्यात राहिलं तर बिल शून्य. त्याच्या वर पण 200 च्या आत राहिलं तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. 200 ओलांडले की त्या महिन्यात पूर्ण बिल. तुमचे 74 त्यांच्या मीटरवर चढतात. उन्हाळ्यात त्यांचे पंखे, फ्रिज आणि तुमचे 74 मिळून 200 पार होणारच. म्हणजे एका मीटरवर दोन संसार ठेवून तेही अडकलेत. तुमचा मीटर वेगळा झाला तर त्यांचं शून्य बिल उन्हाळ्यातही टिकायला मदत होईल. हे त्यांना कागदावर आकडे मांडून दाखवा, आरोप करू नका. ज्याला आपला फायदा दिसतो तो सही करतो, हे मी नोकरीत पुष्कळदा बघितलंय.

त्यांना भीती असेल की आपल्या नावावर दुसरा मीटर आला तर आपला लाभ जाईल. मालकाला एकाच मीटरवर लाभ मिळतो हे खरं, पण दुसऱ्या मीटरला भाडेकरूचं आधार जोडलं की त्यांच्या लाभाला धक्का लागत नाही.

नव्या मीटरला मागचा वापर नसतो, म्हणून राज्याची सरासरी 53 युनिट धरतात, अधिक 10 टक्के, म्हणजे 58. तुमच्या 74 मधले 16 युनिट उरतात. घरगुती युनिटचा दर सध्या सहा रुपयांच्या आसपास आहे, म्हणजे शंभराच्या जवळपास खर्च. कुठं 740!

आणि ते 16 सुद्धा कमी होतील. पाणी रॉडनं तापवता का? साधारण 1500 वॅटचा रॉड 40 मिनिटं चालला की एक युनिट जातं, महिन्याला 30. घरात दुसरं काहीच एवढं खात नाही. जुना पंखा 75 वॅटचा, दहा तास चालला तर महिन्याला 22 च्या आसपास. 9 वॅटचे दोन एलईडी रोज पाच तास लावले तरी महिन्याला तीन युनिट होत नाहीत, त्यामुळे मुलांच्या अभ्यासाचा दिवा कधी बंद करू नका. आमच्याकडं लोक आधी दिवाच बंद करतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

2003 च्या वीज कायद्याच्या 43 व्या कलमात घरमालकाबरोबर तिथं राहणाऱ्यालाही वीजजोडणी मागायचा हक्क आहे. प्रत्यक्षात मालकाची संमती मागतातच, म्हणून ती गोडीनं मिळवा. हेस्कॉमच्या जवळच्या सेक्शन ऑफिसला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर 1912 वर तक्रार नोंदवा, आणि त्यानंतर जिल्ह्याचा ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्यायला कुणाला तरी पैसे द्यावे लागतात, ते बंद व्हायला हवं. ज्या तालुक्यात निम्मी घरं मराठी बोलतात तिथं बिलाच्या मागं मराठीत चार ओळी छापायला काय हरकत आहे?

कणकुंबीकर

वहिनींच्या प्रश्नाला थोडं सोडून लिहितोय, पण आमच्या जंगलभागातल्या लोकांना उपयोग होईल. आमच्या घरी दोन बल्ब आणि एक जुना टीव्ही, सरासरी 18 युनिट निघाली होती. 10 टक्के म्हणजे दोनसुद्धा नाहीत. ज्यांनी आधीच पोटाला चिमटा काढून वीज वापरली त्यांनाच कमी मिळालं. जानेवारी 2024 मध्ये मंत्रिमंडळानं बदल केला, आता 48 च्या खाली सरासरी असेल तर 10 टक्क्यांऐवजी सरळ 10 युनिट वाढवून मिळतात. आम्हाला 28 झाले आणि पावसाळ्यात रात्रभर एक दिवा ठेवता येतो. इकडं आषाढात दिवसाही अंधार असतो. तुमची जुनी बिलं काढून बघा, 10 युनिट लागलेत का ते.

आणि घर बदलताना जुन्या घराच्या मीटरवरून आधार सोडवून घ्यायला विसरू नका. ती सोय 2024 पासून सेवा सिंधूवर आहे. माझ्या भावानं खानापूरला खोली घेतली, तिथं आधीच्या भाडेकरूचं आधार अडकून होतं, त्याला हुडकण्यातच दिवस गेले.

विडी कामगारांची लेक, निपाणी

अक्का, गॅसचं मी सांगते. उज्ज्वला ही गरीब घरांना गॅस जोडणी देणारी केंद्राची योजना आहे, त्यामुळं चंदगड काय आणि बेळगाव काय, नियम एकच. घरात कुणाच्याही नावावर गॅस नको आणि जोडणी बाईच्याच नावानं होते. 14.2 किलोचीच घ्यावी असं नाही, 5 किलोची टाकीही मागता येते. माझ्या आईनं तीच घेतली, कारण विड्यांची मजुरी आठवड्यानं मिळते आणि मोठ्या टाकीचे पैसे एकदम हातात कधी नसतात. 14.2 च्या टाकीला 300 रुपये सबसिडी बँकेत येते, 2025-26 साठी वर्षाला 9 टाक्यांपर्यंत. छोट्या टाकीला त्याच प्रमाणात. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर पैसे येत नाहीत, आधी ते बघा.

तुमचं खरं काम रेशन कार्डाचं आहे. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, मग इकडच्या कार्डात नाव घाला. इकडं दुरुस्ती अधूनमधून ठरावीक दिवसच चालू असते, म्हणून दाखला आधीच हातात ठेवा. आधारचा पत्ताही लगेच बदला. गृहज्योतीसाठी मात्र थांबू नका, तुमच्या ह्यांचं आधार बेळगावच्या पत्त्यावर असेल तर त्यांच्याच नावानं भरा. मोबाईल आधारला जोडलेला हवा, ओटीपी त्यावरच येतो.

वडगावची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. रॉड रोज लावतो, दोन्ही वेळेला. आजपासून सकाळी एकदाच. ह्यांचं आधार इथल्याच पत्त्यावर आहे. काका, तुम्ही सांगितलेला हिशेब मुलीकडून मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून घेतलाय, घरमालकांकडं रविवारी दोघं मिळून जातो. एकच विचारायचंय, चंदगडला नाव कमी करायला मला स्वतः जावं लागेल का? एक दिवस गेला की फॉल-पिकोची मजुरी बुडते.

विडी कामगारांची लेक, निपाणी

कार्ड ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या सहीनं अर्ज द्यायचा, म्हणजे तुमची आई. चंदगड तहसीलच्या पुरवठा शाखेत. तुमच्या आधारची झेरॉक्स आणि लग्नाचा पुरावा भावाकडं पाठवा आणि जाण्याआधी त्याला फोन करून अजून काय लागतं ते विचारायला सांगा.