मदत हवी आहे : मुलाची फिट रक्त तपासून कळते का?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला झोपेत फिट येते. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आला, तरी डॉक्टर अपस्माराची (वारंवार फिट येण्याच्या आजाराची) शक्यता सोडत नाहीत. दोन झटक्यांच्या मधे ईईजी नॉर्मल येऊ शकतो, हे मला पटतं.

आता पाहुण्यांनी ताईला सांगितलंय की रक्त तपासलं की लगेच निदान होतं. मी वाचलं त्याप्रमाणे मोठ्या झटक्यानंतर १० ते २० मिनिटांत घेतलेल्या रक्तात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढलेलं दिसू शकतं, पुढे ते उतरतं. आमच्या वाडीवरून बेळगाव गाठेपर्यंतच तास जातो, पावसाळ्यात तर विचारूच नका. आणि ते वाढलं नाही म्हणून अपस्मार नाही, असंही ठरत नाही. साखर, सोडियम, कॅल्शियम झालंय, सगळं ठीक. म्हणजे निदानाला झटक्याचं नीट वर्णन आणि मोबाईलवरचा व्हिडिओच जास्त कामाचा, बरोबर ना?

रक्तावरून जनुकीय तपासणीही सुचवली आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडे कुणाच्या मुलाची झाली आहे का? खर्च किती आला, आणि त्यानंतर औषध बदललं का? झोपेतला ईईजी कुठे करतात, तेही सांगा. ताई फार घाबरली आहे. अंगारे-धुपारे नकोत, कृपया अनुभवाचंच लिहा.