मदत हवी आहे: मोडी शिकण्याचा संकल्प फेब्रुवारीच्या पुढे न्यायचाय

नमस्कार मंडळी,

गावच्या घरी (वाई तालुका) माळ्यावर जुन्या कागदांचा एक रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) निघाला. खरेदीखतं, गहाणखतं आणि काही घरगुती पत्रं असावीत. सगळं मोडी लिपीत. पैसे देऊन लिप्यंतर करून मिळतं, हे माहीत आहे. पण खापरपणजोबांचे कागद मला स्वतःला वाचायचेत, हौस म्हणा हवं तर.

दरवर्षी १ जानेवारीला संकल्प होतो, ‘यंदा मोडी शिकायचीच’. मुळाक्षरं होतात, बाराखडी होते, काना खालून वर वळवत न्यायला हातही सरावतो. मग मूळ कागद समोर घेतला की अवसान गळतं. शब्द सुटे नाहीत, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. कारकुनाने आधी आडवी रेघ ओढून घेतलीय आणि बोरू शक्यतो न उचलता खाली अक्षरांची माळ लावलीय. र शेजारच्या अक्षराला असा बिलगतो की दोन्ही ओळखू येत नाहीत. संध्याकाळ एका ओळीत जाते आणि हाती चार शब्द लागतात. त्यात मी बँकेत, म्हणजे मार्चएंडिंग. वही बंद पडते ती पाडव्यालाच उघडते, आणि पुन्हा क-ख-ग पासून.

‘२१ दिवस नेटाने करा, सवय लागते’ हा सल्ला कृपया नको, तो घरात रोज मिळतो. ज्यांनी नोकरी सांभाळून असं लांब पल्ल्याचं काही तडीस नेलंय त्यांनी सांगा, मधला कंटाळ्याचा टप्पा कसा काढलात? आणि कुणी मोडीवाले असतील तर, मी सुरुवात कुठल्या कागदापासून करू?

प्रतिसाद १

त्या २१ दिवसांची गंमत अशी की ते सवयींबद्दल नव्हतेच. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की रुग्णाला आपला नवा चेहरा सवयीचा व्हायला किमान २१ दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळालं आणि चेहराही गळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला (२०१० मध्ये छापून आला), त्यात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. माणसामाणसांत फरक केवढा, तर १८ पासून २५४ पर्यंत. तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. तुम्ही मात्र खंड पडला की थेट क-ख-ग ला जाता. ते सोडा. जिथे थांबलात तिथूनच पुढे.

दुसरं, ‘मोडी शिकेन’ हे आज रात्री करण्यासारखं कामच नाही. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचा ‘जर-तर’ ठराव वापरून बघा: जेवणाची ताटं उचलली, की एक ओळ. घड्याळाची वेळ नाही, प्रसंग धरायचा. आणि मार्चसाठी वेगळा ठराव आत्ताच लिहून ठेवा: मार्चभर रोज फक्त एक शब्द. हसू नका, एका शब्दासाठी वही उघडावी लागते, मुद्दा तोच आहे.

प्रतिसाद २

मी मोडीवाला. वरच्या प्रतिसादाला +१, पण तुमचा अडसर चिकाटीचा कमी आणि कागदाच्या निवडीचा जास्त वाटतोय. घरगुती पत्राला हात लावू नका. पत्रात माणूस मनाला येईल ते लिहितो, त्यामुळे अंदाज चालत नाही. खरेदीखत घ्या, त्याचा साचा ठरलेला असतो. सुरुवातीला साल, मग लिहून घेणार आणि लिहून देणार, ‘अमुक बिन तमुक’ (तमुकचा मुलगा अमुक), मौजे म्हणजे गाव, परगणे म्हणजे त्या गावावरचा महसुली विभाग, मग जमिनीची चतुःसीमा. पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस हे चार शब्द आधी शोधून पेन्सिलीने खुणा करा (झेरॉक्सवर हं, मूळ कागदावर नको!). एवढ्यात कागदाचा नकाशा हाती येतो आणि त्या कारकुनाचा र, स, प कसा आहे तेही कळतं. एका कारकुनाचं वळण बसलं की त्याच हातचे बाकीचे कागद भराभर सुटतात.

साल बहुधा अरबी शब्दांत असेल, घाबरू नका.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. चतुःसीमेचं लगेच करून पाहिलं, ‘पूर्वेस’ आणि ‘उत्तरेस’ सापडले! उत्तरेस ओढा आहे आमच्या, तो अजूनही तिथेच आहे. :)

ताटं उचलल्यावर एक ओळ, हे आजपासून. सालाच्या जागी मला ‘सबा सबैन मया व अलफ’ असं लागतंय. हे बरोबर की मी काहीतरी भलतंच वाचतेय? आणि जमिनीपुढे ‘बिघे ३ पांड ७’ आहे, ते किती?

प्रतिसाद २

अगदी बरोबर वाचलंत. सबा ७, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली कालगणना) ११७७. हे साल मृगाला बदलतं, म्हणून इसवी सन काढायला जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढचा मृग लागेपर्यंत ६००. तुमचा कागद १७७६-७७ चा. २० पांड म्हणजे १ बिघा, तेव्हा साडेतीन बिघ्यांना थोडं कमी. एकराचा हिशेब इतक्यात करू नका, जमीन मोजायच्या काठीची लांबी गावोगाव वेगळी असे.

आता पुढची ओळ टाका इथेच. अडेल तिथे कागदाचा तेवढाच फोटो डकवा, रात्री दहानंतर मी असतो.